अर्ध्या तासाचं मँडोलिन

रुचिकाला दुसरं मँडोलिन हवं होतं, आणि त्यामागचं कारण संपूर्णपणे रासायनिक होतं.

नालवाडीच्या टोकाला एका संस्थेचं माती परीक्षण केंद्र होतं. रुचिका तिथं विश्लेषक होती आणि मातीतला सेंद्रिय कर्ब मोजणं हे तिचं काम होतं. फ्लास्कमध्ये माती घ्यायची, डायक्रोमेट घालायचं, वरून जपून आम्ल सोडायचं, फ्लास्क हलकेच फिरवायचा आणि मग अर्धा तास त्याला हात लावायचा नाही. घाई केली तर कर्ब कमी भरतो. एमएस्सीला हे सगळं नीट शिकवलं होतं, पण त्या अर्ध्या तासात माणसानं काय करायचं, हे काही कोणी सांगितलं नव्हतं. तिच्या आधीचे विश्लेषक म्हणे त्या वेळात क्रिकेट बघायचे.

रुचिकाला तो अर्धा तास हवाच होता. हिंगणीच्या शारदोत्सवात यंदा पहिली धून वाजवायला तिला मिळणार होती. मिळणार होती म्हणजे, गुरुजींच्या मनात आलं तर. तिला मँडोलिन शिकवणारे तानबाजी गुरुजी स्तुतीच्या बाबतीत फार जपून वागत.

"सूर बरा आहे तुहा," ते म्हणाले होते, "पन उजवा हात आखडते. तार थरथरली पायजे पोरी, मनगट नाई. नवरात्रापर्यंत सुटलं तं ठीक. नाई तं धीरज आहेच."

धीरज म्हणजे उत्सव मंडळाचा कीबोर्डवाला. त्याच्या कीबोर्डात मँडोलिनचं एक बटण होतं. ते दाबलं की चारही जोड्या तारा सुरात, एकसारख्या, न थकता थरथरत. मनगटाचा प्रश्नच मिटला. इतकी वर्षं बोटांना घट्टे पाडून घेतल्यावर आपली जागा एका बटणानं घ्यावी, हे रुचिकाला सहन होण्यासारखं नव्हतं.

घरी सराव करावा तर भिंतीपलीकडं मालकीणबाईंचा टीव्ही आणि अलीकडं मँडोलिन अशी रोज जुगलबंदी व्हायची, आणि रोज टीव्ही जिंकायचा. नागपूरहून आणलेलं चांगलं मँडोलिन केंद्रात न्यावं, तर तिथल्या आम्लाच्या वाफांनी खिडकीचे गजसुद्धा खाल्ले होते. म्हणून दुसरं हवं होतं. स्वस्तातलं, खराब झालं तरी जीव न कळवळणारं, पण अगदीच खेळणं नको.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. रुचिकाची चूक अशी झाली, की तिनं शास्त्रीय पद्धत वापरली.

एका खड्ड्यातली माती घेऊन अख्ख्या शेताचा अहवाल द्यायचा नाही, हे तिच्या अंगात भिनलेलं होतं. आठ-दहा ठिकाणची माती घ्यायची, एकत्र कालवायची, ढिगाचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले पुन्हा कालवायचे. असं करत गेलं की शेवटी मूठभर माती अख्ख्या शेताच्या वतीनं बोलते. मग एकट्या रुचिकाचं मत म्हणजे तरी काय? एका खड्ड्यातली माती. तिनं दुपारच्या डब्याच्या वेळी विषय काढला.

"मँडोलिन?" रूपरावजी म्हणाले. ते केंद्राचे भांडारपाल. निवृत्ती जवळ आली होती आणि त्यामुळे ते अधिकच निर्भय झाले होते. "मंजे वरातीत बेंजो वाजवते, तेच ना?"

"नाही जी. ते वेगळं."

"मंग तेच काऊन नाई घेत? त्याचा आवाज पार जाम गावच्या चौकापर्यंत जाते."

नमुने गोळा करायची जीप चालवणाऱ्या मुकेशनं पोळीचा तुकडा हवेतच थांबवला. "ताई, घ्याचंच आहे तं करंटवालं घेजा. वायर टोचली का सीधा स्पीकर. आन् निळं घेजा. लाकडाच्या रंगाचं फोटोत दिसतच नाई."

केंद्रप्रमुख मोहिनी मॅडम इतका वेळ ताक पीत होत्या. त्यांनी ग्लास खाली ठेवला. "तीन दरपत्रकं मागव. ज्याचा दर सर्वांत कमी, त्याचं घे."

"पण मॅडम, पैसे माझेच आहेत."

"पैसे तुझे असतील. वस्तू केंद्रात येणार ना? उद्या कोणी विचारलं तर?"

"कोण विचारणार?"

"तेच तर आपल्याला आधी कधी कळत नाही."

रुचिकानं सगळ्यांची मतं गोळा केली, कालवली, चौभाग केले आणि तक्ता तयार केला. आवाजाला इतके गुण, रंगाला इतके, दराला सर्वांत जास्त. मँडोलिन आजवर त्यांच्यापैकी कोणीही हातात धरलं नव्हतं, ही बाब तिच्या ध्यानात आली होती; पण नमुना घेताना मातीला शेतीचा अनुभव विचारत नाहीत, असं तिनं स्वतःला समजावलं. नमुना खरोखरच शास्त्रशुद्ध होता. फक्त तो दुसऱ्याच्या शेतातला होता.

वर्ध्याच्या बाजारातल्या दुकानात ती एकटी जाणार होती. पण जीप त्याच बाजूनं नमुने आणायला निघाली, म्हणून मुकेश आला, आणि मुकेश चालला म्हणून रूपरावजी आले. दुकानदाराकडं दोनच मँडोलिनं होती. एक झगझगीत निळं, वायर टोचायची सोय असलेलं. दुसरं कुठल्याशा मोडलेल्या ऑर्केस्ट्रातून आलेलं, रंग उडालेलं, कडेला टवका गेलेलं.

रुचिकानं आधी ते जुनं घेतलं. डावा अंगठा आपोआप जागेवर बसला. तिनं एकच तार छेडली आणि मनगट सैल पडलं, जणू कोणी आतली गाठ सोडली. ती दचकली. तिनं तक्ता पाहिला. त्यात मनगटाचा रकाना नव्हता.

मग तिनं पर्समधून केंद्रातला व्हर्निअर काढला आणि दोन्ही मँडोलिनांच्या तारा दांडीवरच्या पडद्यांपासून किती उंच आहेत, ते मोजू लागली.

"ताई," दुकानदार हळूच म्हणाला, "वाजवासाठी घेऊन राह्यल्या का मोजासाठी?"

"मोजू द्या त्यायले," रूपरावजी अभिमानानं म्हणाले. "एमएस्सी आहे."

तक्त्याप्रमाणे निळं जिंकलं; जुन्या वस्तूचं दरपत्रक निघत नाही, म्हणून जुन्याला दराचे गुण शून्य. मॅडमची तीन दरपत्रकंही तिथंच मिळाली. दुकानदाराकडं भावाच्या आणि मेव्हण्याच्या नावाचे छापील कागद तयारच होते, आणि कुटुंबाचं आपसात पटत असल्यानं सर्वांत कमी दर त्याचाच निघाला. निघताना रुचिकानं एकदा मागे वळून पाहिलं. जुनं मँडोलिन दुकानदारानं पुन्हा खिळ्याला अडकवलं होतं.

केंद्रात निळ्या मँडोलिनचं स्वागत झालं. रूपरावजींनी नारळ फोडला, कुंकू लावलं आणि ते वाळायच्या आत पांढऱ्या ऑइलपेंटनं त्याच्या पाठीवर क्रमांक टाकला. केंद्रातल्या प्रत्येक वस्तूवर असा क्रमांक होता. खुर्च्यांवर, माठावर, माठाच्या झाकणावर. भिंतीवरच्या शारदेच्या तसबिरीच्या चौकटीवरसुद्धा.

"रूपरावजी! अहो, हे माझं आहे!"

"आहे ना तुमचंच. मी कुठं नाई मनलं? पन गेटाच्या आत आलं तं नंबर पायजे. बिननंबरी वस्तू मंजे चोरीची."

"आणि मला बाहेर न्यायचं असलं तर?"

रूपरावजींनी ब्रश थांबवला. एवढ्या शिकलेल्या मुलीनं असं विचारावं याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. "नंबरवाली वस्तू बाहेर कशी जाईन, ताई?"

पेंटमुळे आवाजावर मात्र काही परिणाम झाला नाही. बिघडायला आधी तो चांगला असावा लागतो. खुंट्या उन्हाबरोबर सैल व्हायच्या, तारांखालची घोडी सरकायची, आणि वरच्या पडद्यांवर तारा एकमेकींशी भांडायच्या. पण हे सगळं चाललं असतं. सरावाला लाकूड कसं का असेना, हात घडतो. चाललं नाही ते वेगळंच.

दुसऱ्याच दिवशी तिनं फ्लास्क ओळीनं लावले, घड्याळ लावलं आणि मँडोलिन मांडीवर घेतलं, तर समोर रूपरावजी खुर्ची ओढून बसलेले. मुकेशनं स्पीकर आणला होता. माती द्यायला आलेले दोघं शेतकरीही टेकले. मॅडमनी दार उघडं ठेवलं.

"हं, वाजवा," रूपरावजी म्हणाले.

"मी फक्त सराव करणार आहे."

"करा ना. कोन नाई मनते? ते हळदीचं वाजवा पयले."

तिनं हळदीचं वाजवलं. मग एक भजन, मग मुकेशच्या पुतणीच्या वाढदिवसाचं. निवडीत सगळ्यांचा वाटा होता, तेव्हा फर्माइशीतही सगळ्यांचा हक्क होता. हे इतकं उघड होतं की ते कोणी बोलूनही दाखवलं नाही. कधी तिनं चोरून एकाच तारेवरचा थरथराट सुरू केलाच, तर मुकेश लगेच कळवळायचा, "ताई, कॅसेट अटकली का? तेच तेच काऊन वाजवून राह्यल्या?" आणि ती पुन्हा गाण्यावर यायची. गाणी जलद, माणसं खूश, मनगट दगड. बाजूच्या कृषी सेवा केंद्रातलेही चहा घेऊन येऊ लागले. जगात सर्वांत खात्रीचा म्हणून ज्या अर्ध्या तासावर तिनं भरवसा ठेवला होता, तो फ्लास्कमधल्या कर्बासारखा रोज तिच्या डोळ्यांदेखत जळून जात होता.

रविवारी हिंगणीला गुरुजींनी तिचं पूर्ण ऐकूनही घेतलं नाही.

"पयले आखडत होता, आता पार लाकूड झाला. काय करतं काय तू?"

"सराव, गुरुजी."

"कशाचा?"

रुचिका तारा पुसू लागली. गुरुजी म्हणाले, "पुढच्या रविवारी अखेरचं ऐकतो. मंग धीरजले सांगाव लागन." धीरज कोपऱ्यात वायर गुंडाळत होता, त्यानं मान वर केली नाही.

त्याच आठवड्यात संस्थेचे सचिव केंद्राला भेट देणार असल्याचं कळलं. मोहिनी मॅडमनी भिंती पुसून घेतल्या, जुने अहवाल पुढं मांडले आणि रुचिकाला बोलावलं.

"आपल्याकडे वाद्य आहे आणि वाजवणारीही आहे. साहेबांसमोर काहीतरी सुरेल होऊन जाऊ दे. तुझ्या त्या अर्ध्या तासातच ठेवलंय, म्हणजे कामही अडणार नाही."

रुचिका 'हो' म्हणाली. भेटीच्या दिवशी तिनं फ्लास्कमध्ये आम्ल सोडलं, घड्याळ लावलं आणि व्हरांड्यात आली. सचिव पुढं सोफ्यावर, मॅडम बाजूला, मागं सगळे. मुकेशनं वायर टोचली. रुचिकानं ओळखीचं भजन वाजवायला तारा छेडायची नखी उचलली, आणि एकाएकी तिला वाटलं, रविवारच्या आधी हाच एक अर्धा तास धड उरला आहे. उद्या मागे राहिलेले नमुने होते, परवा जीपबरोबर जायचं होतं.

तिनं मधली तार धरली. एक सूर. खाली, वर. खाली, वर. गुरुजींनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं तसं, इतकं सावकाश की मध्ये माणसाला मनातल्या मनात एक शिवी देता यावी.

सचिवांनी प्रसन्न चेहऱ्यानं मान डोलावली. ती बराच वेळ डोलत राहिली. मग तिचा वेग मंदावला.

"हे... सुरू कधी होणार?" त्यांनी मॅडमना विचारलं.

"सुरूच आहे, सर," रुचिका म्हणाली आणि हात थांबवला नाही.

"अच्छा, अच्छा. आलापी आहे."

मॅडमचे डोळे तिला काहीतरी सांगत होते, पण रुचिका मनगटाकडं पाहत होती. खाली, वर. कृषी सेवा केंद्रवाले आधी उठले. त्यांना गिऱ्हाईक आठवलं. मुकेशनं अपराध्यासारखा स्पीकर बारीक केला आणि पाणी आणायला म्हणून गेला तो परतला नाही. सचिवांना अचानक दुसरी बैठक आठवली. मॅडम त्यांना पोचवायला गेटापर्यंत गेल्या. रूपरावजी तेवढे निष्ठेनं बसून होते, पण त्यांचे डोळे मिटले होते आणि तोंड उघडं. रुचिकाचा वेग आपोआप वाढला, तिनं वाढवला नव्हता. तार थरथरत होती. मनगट कुठं आहे याचा तिला पत्ताच नव्हता.

घड्याळ वाजलं. तिनं रिकाम्या सोफ्याला नमस्कार केला आणि ती कर्ब मोजायला गेली.

दुसऱ्या दिवशी फलकावर मॅडमच्या सहीची सूचना लागली: केंद्रातील वाद्य अभ्यागतांसमोर, व्हरांड्यात व जेवणाच्या खोलीत वाजवू नये, वाजवणे अपरिहार्यच असल्यास नमुने वाळवण्याच्या खोलीत, दार लावून वाजवावे. त्या खोलीत धूळ, उकाडा आणि मातीच्या ट्रेंशिवाय काही नव्हतं, म्हणून तिथं कोणी फिरकत नसे. रुचिकानं सूचना वाचली आणि चेहरा शक्य तेवढा दुःखी ठेवला. मागे राहिलेले नमुने तिनं संध्याकाळी थांबून संपवले, जीपबरोबर मुकेशला एकट्यालाच पाठवलं, आणि रविवारपर्यंत समुद्रपूरपासून सेलूपर्यंतच्या काळ्या मातीनं एकच सूर तक्रार न करता ऐकला.

रविवारी गुरुजींनी तिचं शेवटपर्यंत ऐकलं. डोळे तिच्या हातावर, कान कुठं ते कळायला मार्ग नव्हता. धून संपली. मग ते कोपऱ्याकडं वळले.

"धीरज, पयल्या धुनेत तू खालचा सा धर. बस तेवढंच."

रुचिकाला धीरजकडं बघायचा धीर होईना. पण तो तर खुशीत कीबोर्ड उघडत होता.

"बरं झालं बाप्पा, ताई," तो पुटपुटला. "मले तं भेवच होता. ते बटण दाबाले जातो, अन् हमेशा बाजूचं शहनाईवालं दाबल्या जाते."