दांड्याजवळची जागा

गायधनींनी डावा हात भिंतीलगतच्या लाकडी दांड्यावर ठेवला, टाचा जुळवल्या आणि पावलं जमतील तेवढी बाहेर वळवली. फारशी वळत नव्हती. समोरच्या आरशात निळ्या पोशाखातल्या मुली दिसत होत्या आणि त्यांच्या मागे काळ्या ट्रॅक पँटमधला एक उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस. त्या माणसाची गायधनींना अजून सवय झाली नव्हती.

“आणि खाली,” तेजस्विनी मॅडम म्हणाल्या. “गुडघे बोटांच्या दिशेनं. काका, खांदे.”

त्या जवळ आल्या, दोन बोटांनी त्यांचा खांदा जरा खाली दाबला आणि पुढच्या मुलीकडे गेल्या. मुली पुन्हा सरळ उभ्या राहिल्या. गायधनी मात्र तसेच गुडघे वाकवून राहिले, जणू ती बोटं अजून तिथेच होती.

कॉलेज रोडवरच्या एका मिठाईच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर हा स्टुडिओ होता. खाली पाटी होती : बॅले, लहान मुलांसाठी व मोठ्यांसाठी. मोठ्यांचा वर्ग भरेल एवढे मोठे काही मिळाले नाहीत, म्हणून शनिवारी संध्याकाळी सगळे एकत्रच. सुरुवातीला कॉलेजच्या दोन मुली आणि बँकेतल्या एक बाई होत्या. परीक्षा आल्या तशा मुली गेल्या, बदली झाली तशा बाई गेल्या. मोठ्यांपैकी उरले ते शेखर गायधनी.

पहिल्या दिवशी मॅडमनी त्यांच्या मागे जिन्याकडे पाहत विचारलं होतं, “नात खाली थांबलीय का?”

“नात नाही. मीच आलोय.”

मॅडमनी त्यांच्या पायांकडे पाहिलं. “याआधी काही नाच वगैरे केलाय?”

“नाही. ओझरला होतो, कारखान्यात. विमानं जोडायचो.” मग एवढ्यानं भागणार नाही असं वाटून ते म्हणाले, “रशियाला पाठवलं होतं आम्हाला, ट्रेनिंगला. तिथल्या लोकांनी एकदा बॅले दाखवायला नेलं. बाकीचे झोपले. मी जागा होतो.”

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी जागा दाखवली : दांड्याच्या शेवटी, खिडकीपाशी.

बायको, सविता, गेली त्याला दुसरं वर्ष चालू होतं. ती गेल्यावर गायधनींनी लोकांनी सांगितलेलं सगळं करून पाहिलं होतं. बागेतल्या हास्यक्लबातही ते काही आठवडे गेले. तिथे सगळ्यांबरोबर मोठ्यानं हसून म्हसरूळला घरी परत आलं, की कुलूप उघडताना घर नेहमीपेक्षा जास्तच गप्प वाटायचं. मुलगी पुण्याला होती. रविवारी तिचा फोन यायचा. “जेवण वेळेवर करता ना, बाबा?” ते हो म्हणायचे. शनिवारचं त्यांनी तिला काही सांगितलं नव्हतं.

क्लास संपताना सगळे गोल करत, एकमेकांचे हात धरत आणि गुडघे वाकवून मान झुकवत. नमस्कारच तो, बॅलेच्या पद्धतीचा. गायधनींच्या एका बाजूला मॅडम असायच्या आणि दुसऱ्या बाजूला बहुतेक वेळा मनवा. ती आठ वर्षांची होती, दोन दात पडलेली, आणि हात धरताना आधी स्वतःचा तळवा पोशाखाला पुसायची. इतर दिवशी कुणाचा हात हातात येण्याचं त्यांना काही कारणच नसायचं. भाजीवालाही आता मोबाइलवरच पैसे घ्यायचा.

बाहेरच्या खोलीत बाकावर मुलींच्या आया बसत. मधल्या काचेतून आतलं दिसे. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी गोल सुटल्यावरही मनवानं त्यांचा हात सोडला नाही. शाळेतल्या कुठल्याशा भांडणाची गोष्ट अर्धी राहिली होती, ती सांगत राहिली. गायधनी खाली वाकून ऐकत होते. मान वर केली तेव्हा काचेपलीकडे मनवाची आई उभी होती. ज्योत्स्ना. ती त्यांच्याकडे नाही, हाताकडे पाहत होती.

पुढच्या शनिवारी गोल व्हायच्या आधीच तिनं दार उघडून मनवाला हाक मारली. “लवकर निघायचंय आज.” त्याच्या पुढच्या शनिवारी मनवाबरोबर आणखी दोघींना बोलावणं आलं. उरलेला गोल एवढासा झाला. त्यातल्या एका मुलीनं गायधनींच्या शेजारी न येता मॅडमच्या दुसऱ्या बाजूला जागा धरली. तिला घरी काहीतरी सांगितलेलं दिसत होतं.

गायधनींना राग आला नाही. घरी जाताना सिटी बसमध्ये शेजारी एक लहान मुलगी बसली, तेव्हा ते उठून उभे राहिले आणि उतरेपर्यंत उभेच होते.

आठवड्यानं ते क्लासला आले, तर मॅडम जिन्यातच थांबल्या होत्या. मुली अजून यायच्या होत्या.

“काका, जरा बोलायचं होतं.”

“बोला.”

“तुम्हाला कुणी काही म्हणत नाहीये. म्हणजे माणूस म्हणून.” त्यांनी जिन्यातून खाली पाहिलं. “हल्ली आयांना भीती वाटते. त्यांचंही…”

“बरोबर आहे त्यांचं.”

“रविवारी सकाळी स्टुडिओ रिकामाच असतो. तुम्ही या. मी तुम्हाला एकट्याला शिकवीन.”

गायधनींनी जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवला. तेवढ्या वेळात त्यांनी खरंच विचार केला.

“एकट्यानं करायचं तर घरी ओटा आहे की, मॅडम,” ते म्हणाले. “तो धरून होईल.”

मॅडमचे डोळे भरून आले. ते पाहून गायधनींनाच अवघडल्यासारखं झालं. “मुली येतील. तुम्ही आत जा,” ते म्हणाले. “माझा पंचा आत राहिलाय मागच्या वेळचा. तेवढा घेतो आणि जातो.”

पण पंचा शोधेपर्यंत मुली आल्या, आतलं दार लागलं, पियानो सुरू झाला. गायधनी पिशवी घेऊन बाहेरच्या खोलीत उभे राहिले. काचेतून दांड्याच्या शेवटची, खिडकीपाशी रिकामी राहिलेली जागा दिसत होती. एका मुलीनं सरकून ती भरून काढली.

बाकावर त्या दिवशी ज्योत्स्ना एकटीच होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग काचेकडे. थोड्या वेळानं तिनं शेजारची पर्स उचलून खाली ठेवली.

“बसा, काका.”

ते बसले, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

“मॅडमनी सांगितलं असेल,” ती म्हणाली. “मीच बोलले होते. तुमच्याबद्दल वाईट काही नव्हतं मनात. पण असं कळणार कसं, कोण कसं ते?”

“नाहीच कळत.”

“तुम्हाला राग नाही आला?”

“माझी मुलगी लहान असती, तर मीही बोललो असतो.”

ज्योत्स्नानं मान हलवली. त्या उत्तरानं तिला बरं वाटायला हवं होतं, तसं वाटलेलं दिसलं नाही. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

“घरी कोण असतं तुमच्या?”

“मी असतो.”

आत मॅडम आकडे मोजत होत्या. मनवा उभ्या उभ्या डुलत होती, मग सावरली.

“माझे वडील नांदगावला एकटेच आहेत,” ज्योत्स्ना म्हणाली. “भाऊ सुरतेला. मी म्हणते, देवळात जात जा, चार लोकांत बसा. म्हणतात, जातो. जातात की नाही कोण जाणे.”

गायधनींना यावर हास्यक्लबाचं सांगता आलं असतं. बाकाखाली त्यांच्या टाचा जुळल्या होत्या आणि पावलं हळूहळू बाहेर वळत होती. आतल्या आकड्यांबरोबर गुडघे किंचित हलत होते. ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. ज्योत्स्नाच्या आलं. ती बराच वेळ त्या पावलांकडे बघत राहिली.

“हे असं पाय फाकवून उभं राहायचं,” तिनं काचेकडे पाहतच विचारलं, “दुखत नाही?”

“सुरुवातीला दुखतं.”

“आणि मग?”

“मगही दुखतं,” गायधनी म्हणाले. “पण तेवढा वेळ सगळ्यांचंच दुखत असतं.”

ज्योत्स्नानं पायातल्या सँडल एकेक करून काढल्या आणि थंड फरशीवर टाचा एकमेकींना टेकवून पाहिल्या.