खणामागची पुडी

बाईंच्या सासूबाईंना जंगलात एक अळंबी सापडली. तपकिरी, बोटभर उंच, मातीखाली शेपटासारखं लांब मूळ. बाई अळंब्यांच्याच अभ्यासक, पण त्यांच्या पुस्तकांत तशी कुठे नव्हती. तिच्या शास्त्रीय नावात सासूबाईंचं नाव घालायचं त्यांनी ठरवलं, आणि सासूबाईंनी ते सगळ्या गल्लीला सांगूनही टाकलं.

अडचण एकच होती. ऐंशी वर्षांपूर्वी साधारण अशाच एका अळंबीला कुणीतरी नाव दिलं होतं. वर्णन चार ओळींचं, मुळाचा उल्लेख नाही आणि नमुना हरवलेला. दोन्ही एकच निघाल्या तर जुनं नाव राहतं, नवं बाद.

सुकवलेल्या नमुन्यांची कपाटं माझ्या ताब्यात. "काका, लेख छापायला जायच्या आधी एकदा शेवटचं बघा," बाई म्हणाल्या. मी एकेक खण पूर्ण बाहेर काढला. सातव्या खणामागे, फळीला चिकटून, हरवलेल्या नमुन्याची पुडी होती, वर ते जुनं नाव.

खिशात टाकली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. सासूबाई ब्याऐंशीच्या, नावासाठी डोळे लावून बसलेल्या. मी डबा खाल्ला, हात धुतले आणि पुडी बाईंच्या टेबलावर ठेवली.

त्यांनी कणभर तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मग सासूबाईंच्या अळंबीचा.

"तीच आहे," म्हणाल्या. "आता आईंना तुम्हीच सांगा."

ती वेळ आली नाही. बाईंचा चेहरा बघून घरी ओळखलं असावं; दुसऱ्या दिवशी सासूबाईच आल्या, काठी आपटत.

"तुम्हीच ना ते कपाटवाले? पाणी फिरवलंत सगळ्यावर!"

"आजी, पुडी तिथे होती. मी काय करू?"

"दाखवा."

चष्मा कपाळावर सारून त्यांनी पुडी नाकाशी धरली. "मूळ कुठाय? वरच्यावर उपटलीय मेल्यानं. आणि नाव त्यानं दिलेलं!"

"मुळाचं वर्णन तुमच्या अळंबीवरून लिहितेय, आई," बाई म्हणाल्या. "शिवाय तुमच्या पुडीवर गोळा करणारी म्हणून तुमचं नाव."

"पुडीवर? नाव काय, डब्याच्या झाकणावरही असतं, सूनबाई."

बाईंना हसू आलं. सासूबाईंना ते आवडलं नाही. खुर्चीत बसून त्यांनी गुडघे चोळले, कपाटांच्या रांगेवरून नजर फिरवली.

"यांत काय नाही ते सांगा."

"जे नाही ते मला कसं माहीत असणार?"

"मग इतकी वर्षं राखलंत काय?" त्या उठल्या. "सूनबाई, माझं खुरपं कुठे ठेवलंस?"