बँकेवरून उतरवलेला फलक

एइझो पेंटर आणि कुमेदा साहेब यांचं भांडण सहा-सात वर्षं चाललं, आणि त्यात निरोप्याचं काम माझ्याकडे होतं. सुरुवात झाली तेव्हा मी बावीस-तेवीस वर्षांची. कुरायोशीच्या बँकेत ठेवींच्या खिडकीवर बसायचे. शाखेत सगळ्यात नवी मीच, म्हणून जाहिरातीची चित्रं गुंडाळून काखेत मारायची आणि आगगाडीनं तोत्तोरीला अर्थखात्याच्या कचेरीत मंजुरीला न्यायची, हे काम माझ्याच गळ्यात पडलेलं. जाताना पेंटरच्या शिव्या ऐकायच्या, येताना साहेबांचे लाल पेन्सिलीतले शेरे आणायचे. गाडीच्या खिडकीतून नाशपातीच्या बागा दिसायच्या. झाडावरच्या एकेका फळाला कागदी पिशवी घातलेली. पाऊस-किडीची एवढी काळजी घेतलेलं फळ बघून मला उगाचच बरं वाटायचं.

लढाई संपली तेव्हा लोकांचा बँकांवरचा विश्वास पार उडाला होता. जुन्या नोटा रद्द झाल्या, खाती गोठवली गेली, आपलेच पैसे आपल्याला मोजून मिळायला लागले. त्यानंतर कोण कशाला बँकेची पायरी चढतंय? लोक नोटा तांदळाच्या डब्यात नाहीतर चटईखाली ठेवत. ते पैसे बाहेर काढायला बक्षिसाच्या ठेवी आल्या. हजार येन सहा महिने ठेवायचे. व्याज अगदी किरकोळ, पण त्याबदल्यात एक नंबर मिळायचा. गावच्या नाट्यगृहात सगळ्यांच्या देखत सोडत निघायची. लागलं तर लागलं, नाहीतर मुद्दल कुठं जात नाही. सरकारनं परवानगी दिली होती, पण लगाम स्वतःच्या हातात ठेवून: बक्षीस किती, सोडत कशी, जाहिरात कशी. आमच्या जिल्ह्यात हा लगाम कुमेदा साहेबांच्या हातात होता.

उंच, वाळका माणूस. कोटाच्या कोपराला ठिगळ, पिशवीत लाकडी फूटपट्टी. ‘बक्षीस’ हा शब्द ‘मुदत’ आणि ‘व्याज’ या शब्दांपेक्षा मोठा नको, असं त्यांचं म्हणणं. शंका आली तर शिडी मागवून स्वतः वर चढायचे आणि अक्षरं मोजायचे.

“काका, साहेब म्हणतात एबिसु देवाच्या हातातलं नोटांचं बंडल काढा,” मी पेंटरकाकांना सांगायचे.

“मग काय देऊ हातात? कंगवा?”

“मासा चालेल म्हणाले.”

“कोळ्यांचा देव तो, मासा त्याच्या हातात जन्मापासूनच आहे! मासा बघून पैसे कोण ठेवणार? कोळणी?”

असं म्हणत काका मासाच रंगवायचे. आणि असा रंगवायचे की रस्त्यानं जाणारी माणसं थबकायची. लढाईआधी ते सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवत. त्यांचा हात लहान चित्रावर चालायचाच नाही.

पन्नास सालच्या शरदातल्या सोडतीत दुसरं बक्षीस त्सुनेबाईंना लागलं. सेकीगाने गावाच्या वर डोंगरात कामिओ नावाची वाडी आहे, तिथल्या त्या. नवरा लढाईतून परत आला नाही. घरात ऐंशीची सासू, आणि पोटापाण्याला कोळशाची भट्टी. दर दहा दिवसांनी कोळसा घेऊन गावात यायच्या. त्या दिवशी नंबर पुकारला तेव्हा त्या उठल्या, हातातली पावती तीन वेळा वाचली, आणि हसायला लागल्या. पुढचे दोन दात नव्हते. पण तोंडावर हात न धरता, मान मागं टाकून अशा हसल्या की सगळं नाट्यगृह त्यांच्याबरोबर हसायला लागलं. लढाईनंतर इतकी माणसं एकदम हसलेली मी पहिल्यांदाच ऐकली. पेंटरकाका दोन ओळी सोडून बसले होते. पाठीमागं वळून ते बघतच राहिले.

बक्षिसातून त्सुनेबाईंनी भट्टी दुरुस्त केली आणि एक उतारवयाची गाय घेतली. गाडी ओढायला.

पुढच्या वर्षी आमचे शाखाधिकारी नागामी साहेब काकांना म्हणाले, “या खेपेला देव नको. काहीतरी माणसांतलं करा.” काका म्हणाले, “माझ्या डोक्यात एक तोंड आहे.” त्यांनी त्सुनेबाईंना विचारलं. त्या आधी लाजल्या, मग म्हणाल्या, “काढा की. पण दातासकट नका काढू हं, खोटं नको.”

फलक दोन पुरुष उंच झाला. गालावर कोळशाची काजळी, डोळे मिटलेले, तोंड उघडं, दोन दात नाहीत. खाली लाल अक्षरांत मजकूर: ‘गेल्या वर्षी त्सुनेबाई. यंदा कोण?’

“साहेब, हे मंजुरीला न्यायचं ना?” मी विचारलं.

नागामी साहेबांनी चष्मा पुसला. “वेळ कुठं आहे, शिझुए? लावून तर टाकू. कुमेदांना तोत्तोरीहून यायला आठवडा लागेल. तोवर निम्म्या ठेवी गोळा होतील.”

ठेवी उघडायच्या आदल्या दिवशी दुपारी फलक बँकेच्या दर्शनी भिंतीवर चढला. आणि चारच्या गाडीनं, दुसऱ्याच कुठल्या तरी कामासाठी, कुमेदा साहेब कुरायोशीत उतरले. स्टेशनवरून चालत आले, बँकेसमोर उभे राहिले, आणि बराच वेळ वर बघत राहिले. मला वाटलं आता फूटपट्टी निघणार. ती निघाली नाही.

“हा उतरवा,” ते म्हणाले. “उद्या बँक उघडायच्या आत.”

काका ब्रश धूत होते, ते तसेच आले. “का? अक्षरं मोठी झाली? किती बोटं मोठी झाली सांगा, लहान करतो.”

“अक्षरांचं नाही. बक्षीस लागलेल्या माणसाचा चेहरा जाहिरातीत चालत नाही.”

“देवाच्या हातात पैसे चालत नाहीत, माणसाच्या तोंडावर हसू चालत नाही. तुमच्या खात्याला चालतं तरी काय? आजारी माणूस काढू?”

“चित्र चांगलं आहे,” कुमेदा साहेब म्हणाले. “फार चांगलं आहे. म्हणूनच उतरवा म्हणतोय. हे बघून घरातला शेवटचा येन घेऊन येईल कोणीतरी. त्याला वाटेल, मलाही लागणार.”

नागामी साहेबांनी कमरेत वाकून माफी मागितली आणि संध्याकाळच्या आत फलक खाली आला. काकांनी शिडी खांद्यावर टाकली आणि ते निघून गेले. आमच्यापैकी एकालाही आठवलं नाही, की त्सुनेबाई उद्या वाडीतल्या माणसांना फलक दाखवायला घेऊन येणार आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या. गायीच्या गाडीत कोळसा, कोळशावर घोंगडं अंथरून सासू बसवलेली, आणि मागं वाडीतली दहा-अकरा माणसं, धुतलेल्या कपड्यांत. सगळी तीन तास चालून आली होती. बँकेसमोर गाडी थांबली. भिंतीवर नुसते खिळे.

“कुठाय गं?” सासूबाई म्हणाल्या. “मला दिसत नाही का काय?”

त्सुनेबाई भिंतीकडे बघत होत्या. “नाहीये, आई. काढलाय वाटतं.”

“पोरी, तू तर म्हणालीस घराएवढं आहे.”

वाडीतल्या कोणी तरी मागून हळूच म्हटलं, “त्सुने, स्वप्न पडलं होतं का तुला?” कोणी हसलं. त्सुनेबाईंनी किमोनोच्या कडेला हात पुसले आणि गायीचं जू उगीच नीट करायला लागल्या. मला खिडकीतून ते बघवेना.

माझ्या आधी कुमेदा साहेब बाहेर गेले. रात्री गावातच मुक्काम करून ते ठेवींचा पहिला दिवस नीट जातो की नाही बघायला थांबले होते. गाडीपुढं जाऊन त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला.

“फलक होता. घराएवढाच होता. मी उतरवायला लावला.”

“तुम्ही कोण?” सासूबाई.

“मी सरकारी माणूस.”

“मग माझ्या सुनेचं तोंड सरकारला चालत नाही होय?”

“चालतं, आजी. बँकेवर चालत नाही.”

“का? चोरी केली तिनं?”

एवढ्यात काका आले. कोणी तरी त्यांना घरून बोलावून आणलं होतं. ते सरळ बँकेच्या मागच्या अंगणात गेले, आणि सगळी वाडी त्यांच्या मागोमाग. फलक भिंतीला टेकवून ठेवला होता. सासूबाईंना दोघांनी उचलून आणलं. त्या जवळ गेल्या, रंगवलेल्या गालावरून हात फिरवला, आणि हात स्वच्छ बघून म्हणाल्या, “काजळी निघत नाही.” मग सगळेच बोलायला लागले. हे कान तुझेच, हा तीळ तुझाच, दात मात्र पेंटरनं खाल्ले.

“हा फलक आता कोणाचा?” कुमेदा साहेबांनी विचारलं.

नागामी साहेब घाईघाईनं म्हणाले, “बँकेचा नाही. बँकेनं अजून पैसे दिलेले नाहीत.”

“मग माझा,” काका म्हणाले. “आणि मी तो त्सुनेबाईंना दिला. आहे काही हरकत? कुठलं परिपत्रक?”

कुमेदा साहेब फलकापुढं उकिडवे बसले. आता फूटपट्टी निघाली. त्यांनी लाल अक्षरांची पट्टी वरून खालपर्यंत मोजली. “इथून खाली कापलंत,” ते म्हणाले, “तर ही जाहिरात राहत नाही. नुसतं एका बाईचं चित्र राहतं. नुसत्या चित्रावर माझ्या खात्याचा अधिकार नाही.”

काकांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग आत जाऊन करवत आणली. एका टोकाला काका, दुसऱ्या टोकाला साहेब. लाल अक्षरं लाकडाच्या भुशासकट खाली पडली. ‘यंदा कोण?’ नागामी साहेबांनी फळी पायानं बाजूला सरकवली.

कोळसा उतरवून झाल्यावर फलक गाडीवर आडवा बांधला. सासूबाई पुढं, फलक मागं, आकाशाकडं बघून हसणारा. “शिझुए, तू जा बरोबर,” नागामी साहेब म्हणाले. “दोऱ्या बँकेच्या आहेत, परत आण.” खरं म्हणजे त्यांना या सगळ्यांना लवकर वाटेला लावायचं होतं. गिऱ्हाईक जमायला लागलं होतं.

फलक ठोकायला काका बरोबर निघाले, आणि कुमेदा साहेबही मागोमाग आले. सेकीगानेपर्यंत रस्ता बरा. पुढं चढ लागला आणि म्हातारी गाय जागच्या जागी थांबली. तेव्हा मागून कुमेदा साहेबांनी कोट काढून माझ्याकडं दिला आणि गाडीला खांदा लावला. त्यांची तोत्तोरीची आगगाडी तेव्हाच चुकली होती. दुसऱ्या बाजूनं काका ढकलत होते.

“जोर लावा की साहेब! शेरे मारताना हात दुखत नाही तुमचा.”

“तुम्ही फळ्या जाड वापरल्यात. पातळ चालल्या असत्या.”

“हां, आता लाकडाचंही माप घ्या!”

अर्ध्या चढावर सगळे टेकले. वाडीतल्या एका बाईनं नाशपाती कापून दिल्या. साहेबांनी आधी नको म्हटलं, कारण ते कोणाचं पाणीसुद्धा घेत नसत. मग माझ्याकडं बघून विचारलं, “हे बँकेचं नाही ना?” आणि घेतली. रस चिकटलेली बोटं रुमालानं पुसत ते सहज बोलावं तसं बोलले.

“लढाईच्या दिवसांत मी दारोदार फिरून बचतीचे कागद विकायचो. त्यांनाही बक्षिसं होती. फलक माझ्याच देखरेखीखाली रंगवलेले. केवढाली अक्षरं! एका म्हातारीनं स्वतःच्या अंत्यविधीसाठी ठेवलेले पैसे दिले. माझ्या शब्दावर. सगळ्याची रद्दी झाली.” रुमालाची घडी घालत म्हणाले, “पुढं ती भेटली तेव्हा तिनंच मला चहा पाजला.”

काका गायीच्या पाठीवर बसलेल्या माशा हाकलत होते. त्या दिवसानंतर त्यांनी साहेबांना शिव्या देताना आवाज जरा खाली आणला.

कामिओत पोचलो तेव्हा ऊन डोंगरामागं गेलं होतं. फलक घरात मावेना. कोळशाच्या छपरीला वाऱ्याच्या बाजूची भिंत नव्हती, तिथं तो ठोकला. चेहरा आत करायचा की बाहेर, यावर वाद झाला. त्सुनेबाई म्हणाल्या, “आत करा. बाहेर पावसानं रंग जाईल. आणि मी काम करताना एकटीच असते.” मग रताळी घातलेला भात, मुळ्याचं लोणचं, गरम चहा. त्या रात्री आम्ही तिघंही तिथंच झोपलो. सकाळी दोऱ्या घेऊन उतरलो.

पुढची तीन-चार वर्षं मी गुंडाळ्या नेत राहिले, शेरे आणत राहिले. मग पगार वाढले, गिरण्या चालल्या, लोकांना कपडे धुण्याचं यंत्र आणि रेडिओ हवासा झाला. सहा महिने नंबराची वाट बघत बसायचा उत्साह ओसरला. नाट्यगृहातल्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. एके वसंतात कुमेदा साहेबांची ओकायामाला बदली झाली. काका त्यांना पोचवायला स्टेशनवर गेले. तिथंही दोघं पाटीवरच्या अक्षरांच्या आकारावरून वाद घालत उभे होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर काकांना कामात मजा वाटेना. “आता कोणी चूकच काढत नाही,” ते म्हणायचे. काही वर्षांनी छापील पत्र्याच्या पाट्या आल्या आणि त्यांनी दुकान बंद केलं.

आमच्या शाखेनं या ठेवी बंद केल्या तेव्हा शेवटची पावती घेऊन त्सुनेबाई खिडकीवर आल्या. त्यांना पुन्हा कधी बक्षीस लागलं नव्हतं. प्रत्येक खेपेला मात्र एक नंबर घ्यायच्याच.

“मावशी, आता सोडत नाही,” मी म्हटलं. “साध्या ठेवीत ठेवूया. व्याज जास्त मिळेल.”

“व्याजाला कोण हसतंय?” त्या म्हणाल्या. मग पैसे माझ्याकडं सरकवून दिले. “ठेव बाई साध्यात. पण नंबर असल्यासारखं काहीतरी दे हातात.”

मी खात्याचा नंबर लिहिलेलं पासबुक दिलं. त्यांनी ते उघडून पहिला आकडा वाचला, पुन्हा वाचला, छातीशी धरलं आणि मी दिलेला चहा पिऊन मगच उठल्या.