कॉलरच्या आकाराची वही

शिवणकाम करणाऱ्या त्या बाईच्या हातची टीप इतकी सरळ, की मुंगी तिच्यावर सोडली तर थेट बाहीच्या टोकाला पोचायची आणि वर म्हणायची, रस्ता असावा तर असा. एका जाड्या गिऱ्हाइकाची विजार तिनं अशी आत घेतली, की गडी आठ किलोनं उतरला म्हणे. चूक तिचीही व्हायची. पण ती उसवायची, पुन्हा शिवायची, आणि मागमूस ठेवायची नाही.

तिची लेक बारकी. लहानपणी दम्यानं बेजार, म्हणून सहावीपासून घरीच शिकली. परीक्षा बाहेरून दिल्या, पासही झाली. नणंद टोमणे मारायची, "घरच्या घरी सायन्स? मग वहिनी, घरच्या घरी ऑपरेशनंही करून टाका की." बाई हसायची, पण ते वाक्य काट्यासारखं रुतून बसलं होतं.

आणि आता कॉलेजनं मागितली घरी केलेल्या प्रयोगांची वही. शाळा नाही, प्रयोगशाळा नाही, तेव्हा प्रवेशाचा सगळा भरवसा त्या वहीवरच.

बाईनं वही उघडली. तेलाचे डाग, खाडाखोड, एक आकडा दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. तिला नणंदेचं तोंड दिसलं. बारकीला न सांगता तिनं नवी वही आणली, दोन दिवस बसून सगळं स्वच्छ लिहून काढलं, आकडे पुस्तकात बघून नीट केले आणि मुलाखतीच्या सकाळी कॉलेजच्या ऑफिसच्या खिडकीवर देऊन टाकली.

मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी दोघींना समोर बसवलं. वही चाळली.

"हा लंबक कशाचा?"

"दोऱ्याला बॉबिन बांधलेली, मॅडम," बारकी म्हणाली. "मशिनच्या टेबलाला टांगायचे."

"दहा हेलकाव्यांना वीस सेकंद. पुढं वीस. पुढं परत वीस. तीस वेळा मोजलंस आणि तीसही वेळा वीस? एवढं तर माझं लग्नही सरळ चाललं नाही."

बारकीनं वहीकडे पाहिलं. आईचं अक्षर ओळखायला तिला कितीसा वेळ लागणार? तिचे कान लाल झाले.

"मीच लिहून काढली, मॅडम. जरा नीट करून."

सतरा वर्षांत पोरगी पहिल्यांदा खोटं बोलली, आणि कुणासाठी, तर आईसाठी. बाईला वाटलं, खुर्चीखाली एखादं भोक असतं तर आपण बॉबिनसारखं त्यातून घरंगळून गेलो असतो. तरी ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली. त्या गप्प बसण्याचीच तिला पुढे जास्त लाज वाटायची.

"अक्षर माझं आहे," शेवटी ती म्हणाली. "आकडेही माझेच. तिला माहीतही नव्हतं."

"मग तिची वही कुठाय?"

"कापली."

"कापली म्हणजे?"

"कागद जाड होता. कॉलरचे नमुने काढले त्याचे."

मॅडमनी चष्मा काढला. बारकी खाली बघत हळूच म्हणाली, "लंबकाची पानं पण गेली, आई?"

"ऑफिस चारला बंद होतं," मॅडम म्हणाल्या. "जे उरलंय ते घेऊन या."

घरी दोघींनी नमुन्यांची पिशवी जमिनीवर ओतली. गोल कॉलर, टोकदार कॉलर, उभी पट्टी. एकीकडे गळा, दुसरीकडे खांदा, मध्ये बारकीचे आकडे. तुकड्याला तुकडा लावून टाचण्या टोचल्या. बारकी टाचण्यांची डबी तेवढी आईकडे सरकवत राहिली.

पावणेचारला मॅडमनी ती काटेरी पानं उचलली आणि मोठ्यानं वाचायला लागल्या.

"एकोणीस पॉइंट सहा. वीस पॉइंट चार. एकवीस. आईनं मशिन चालवलं, टेबल हललं. तरी एकवीसच लिहिते, कारण आई म्हणते, जे दिसलं ते लिहायचं, पुस्तकात बघून नाही." त्यांनी मान वर केली. "असं म्हणाला होतात तुम्ही?"

"हो," बाई म्हणाली. "सातवीत होती तेव्हा."

"उद्या दहाला हिला प्रयोगशाळेत पाठवा. माझ्यासमोर मोजू दे. हे आकडे हिचेच असतील, तर जागा हिची. आणि इथं खाली सही करा, शिकवणाऱ्या म्हणून."

बारकीनं कागद दोन्ही हातांनी धरून ठेवला. आईची सही वाकडी आली, मुंगीनंही अर्ध्यातून परत फिरावं इतकी वाकडी.

पायऱ्या उतरताना बारकी म्हणाली, "उद्या मी एकटीच येईन."

"बरं," बाई म्हणाली, आणि घरापर्यंत दोन पावलं मागंच चालली.