पाडव्याचा हिरवा चारा

आपल्या कचेऱ्यांत, शाळांत, दवाखान्यांत एक अलिखित नियम निमूट पाळला जातो: ज्याच्या हाती पदवी त्याने बोलावे, जिच्या हाती केरसुणी तिने ऐकावे. राजारामनेही तो कधी तपासून पाहिला नव्हता.

सांगलीपासून काही कोसांवर, कृष्णेकाठच्या एका क्षयरुग्णालयाच्या प्रयोगशाळेत राजाराम सहायक होता. तेथे जाळीच्या पिंजऱ्यांत सोळा गिनिपिग होते. सशाहून लहान, बिनशेपटीचे, पावलांची चाहूल लागताच शीळ घालणारे. रोग्याच्या छातीतल्या पाण्यात सूक्ष्मदर्शकाला जंतू दिसले नाहीत, की ते पाणी दोन गिनिपिगांना टोचायचे आणि सहा आठवडे वाट पाहायची. त्यांना क्षय झाला तर रोग्याला क्षय. ते निरोगी राहिले तर रोगी मोकळा.

चौऱ्याहत्तर सालच्या फाल्गुनात अशाच दोन जिवांवर अंजनाचा संसार येऊन थांबला होता. अंजना विट्याची सून. खोकल्याचे निमित्त होऊन सासऱ्याने, आप्पासोंनी, तिला माहेरी धाडले होते. तीन वर्षांची मुलगी ठेवून घेतली होती. नवरा दूरदेशी, सोनेचांदी गाळण्याच्या गलाईच्या दुकानात. तो अक्षय्य तृतीयेला गावी येणार होता. तोवर ‘क्षय नाही’ असा कागद आला तर सून घरात, नाही तर काडीमोड आणि दुसरे लग्न, असे आप्पासोंनी बजावले होते. अहवाल तृतीयेच्या दहा दिवस आधी मिळणार होता. अंजनाचे वडील आकाराम दर सोमवारी येत, पिंजऱ्यासमोर टोपी काढून उभे राहत आणि परत जात.

त्या वर्षी भाजीपाल्याचा पुरवठा दोन महिने बंद होता. गिनिपिग कोंड्यावर, वाळक्या गवतावर आणि पाण्यातल्या लिंबाच्या रसावर जगत होते. हिरव्या चाऱ्यावाचून हे प्राणी खंगतात, हे राजारामने पुस्तकात वाचले होते, आणि ते खरेही होते. नदीच्या उताराला चैत्राचे कोवळे गवत फुटलेले पाहून त्याच्या मनात करुणा दाटली. पाडवा होता. आपल्याकडे सणाला गोठ्यातल्या बैलालाही गोडाचा घास देतात. मग या बंदिवानांनी काय पाप केले? त्याने आदल्या संध्याकाळीच पोतेभर गवत कापून, दाबून भरून ठेवले होते.

झाडलोट करणारी राहीबाई मूळची आटपाडीकडची मेंढपाळीण. तिने पोत्यात हात घातला आणि तो तसाच ठेवला.

“सायेब, हे आतनं तापलंय. टाकू नगा.”

“ताजे आहे, राहीबाई.”

“ताजं असलं तरी एकदम नगं. आवं, पाडव्याला श्रीखंड खाऊन माणसं आडवी हुत्यात, ही तर मुठीएवढी जनावरं.”

राजाराम हसला. पुस्तक कोणी वाचले आहे, तुम्ही की मी, असे त्याने विचारले. राहीबाई केरसुणी घेऊन बाहेर गेली. पिंजरे गच्च भरले गेले. गिनिपिग आनंदाने शिळा घालत गवतात शिरले, आणि राजारामला वाटले, इतका निर्मळ आवाज आपण आजवर ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शीळ आली नाही. नऊ प्राणी मेले होते. पोटे डफासारखी ताणलेली. अंजनाची खूण असलेले दोन्ही त्या नऊ जणांत होते! टोचून तीनच आठवडे झाले होते. इतक्या लवकर फाडून पाहण्यात अर्थ नव्हता, असे डॉक्टर म्हणाले. नवी तपासणी करायची तर पुन्हा सहा आठवडे. अक्षय्य तृतीया त्याच्या आत येत होती.

नोंदवहीत ‘अज्ञात कारण’ लिहावे, असे राजारामच्या मनात आले. दारात राहीबाई उभी होती. त्याने तिच्याकडे न पाहताच विचारले, “तुम्हांला कसे कळले?”

“दुष्काळात आमी मेंढरं घिऊन कृष्णाकाठाला आलू,” ती म्हणाली. “आठ म्हैने काट्याकुट्यावर जगलेली. हिरवं दिसलं, आन् आमी सोडली. एका सकाळी चाळीस मेली. भुकंनं मेली न्हाईत, सायेब, गवतानं मेली. उपाशी पोटाला हिरव्याची वळख ऱ्हात न्हाई. त्येला आदी वाळकं खाऊ घालावं, मग चिमूटभर हिरवं, दव उडाल्यावर. रोज थोडं वाढवावं. पंधरा दिस लागत्यात. दया करायची घाई तुमाला असती, पोटाला नसती.”

“मग काल मला अडवले का नाही?”

“सांगितलं की. त्येच्या म्होरं माजं काय चालतंय हितं?”

राजारामने नोंदवहीत स्वतःची चूक लिहिली. आकारामांना त्याने सारे सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, “मग पोरीला काय सांगू?”

अंजनाच्या छातीतले पाणी पुन्हा काढले, पुन्हा दोन प्राणी टोचले. आता चारा राहीबाई म्हणेल तसा, सावलीत पातळ पसरलेला, आधी चिमूट, मग मूठ. एकही प्राणी दगावला नाही. वैशाखाच्या उन्हात अहवाल आला: क्षय नाही.

तो कागद घेऊन राजाराम स्वतः विट्याला गेला. आप्पासोंनी चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली आणि कागदाची नीट घडी घातली.

“खरा असंल, सायेब. पर तिथीला हुबं ऱ्हायला सांगता येत न्हाई. आमी तिरतीयेलाच उरकून घेतलं.”

आतून एक तरुण स्त्री पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिच्या कडेवर अंजनाची मुलगी होती. मुलीने नव्या आईच्या खांद्यावर मान टाकलेली होती. राजारामने पाणी घेतले. तांब्या परत देऊन तो निघाला.

बंधुभगिनींनो, त्या दिवसापासून राजाराम राहीबाईला विचारल्याखेरीज पिंजऱ्याला हात लावत नाही. तो बदलला, यात शंका नाही. पण त्याच्या बदलण्याने अंजनाची लेक तिला मिळाली नाही. म्हणून केरसुणी हाती असलेल्या माणसाचेही ऐकून घ्या, आणि दया करण्याआधी, ज्याने ते दुःख सोसले आहे त्याला विचारा. चूक झाल्यावर शहाणे होणारे पुष्कळ असतात; त्यांच्या शहाणपणाची किंमत मात्र बहुधा दुसऱ्याच कोणीतरी मोजलेली असते.