रिबीन बांधलेली टिकास

मी एक जुनी टिकास आहे. जुनी म्हणजे मोडकी नव्हे हं! तुमच्याकडे कुणी मला कुदळ म्हणत असतील, पण आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे मी टिकासच. माझे पाते माजरीकडे कोळसा वाहून थकलेल्या एका ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचे आणि दांडा धावड्याच्या चिवट लाकडाचा. लोहाराने मला तापवून पाण्यात बुडवले, तेव्हा मी अशी काही फुसफुसले की त्याची बायको म्हणाली, "अवो, ही तं भांडखोर निघंल!"

निघालेच. कारण मला विकत घेतले मनकर्णाबाईंनी.

मित्रांनो, तेव्हा त्या आमदार नव्हत्या. रोजगार हमीवर बोडी खोदत होत्या. बोडी म्हणजे धानाला पाणी देणारे छोटे तळे. कामावरच्या साहेबांनी पाणी बाहेर काढायची वाट चुकून उंच बाजूला आखली होती. मनकर्णाबाईंनी माझ्या दांड्यावर दोन्ही हात ठेवले आणि विचारले, "साहेब, पाणी काय शिडी लावून चढन का?" साऱ्या बाया हसल्या. साहेबही हसले आणि खुणेची दोरी खाली सरकली. पुढे बाई सरपंच झाल्या. मग बायांनीच त्यांना विधानसभेला अपक्ष उभे केले.

त्यांना चिन्ह मिळाले शिलाई मशीन. पण बाई फिरल्या मला खांद्यावर घेऊन! गावोगावी लोक माझ्याकडे बोट दाखवायचे, पोरे माझ्या नावाने ओरडायची. मी तर हवेतच होते. निकाल लागला आणि बाई दोनशे अकरा मतांनी हरल्या.

दुसऱ्या दिवशी नाल्यापलीकडच्या हिरडटोला या छोट्या वस्तीतली सोमारी आजी आली. चांगलीच तणतणत होती.

"मनकर्णा, म्या सारी मशीन वरून खालपर्यंत पाह्यली. टिकास कुठीच नाई! मंग बटन न दाबताच वापस आली. आमच्या टोल्यातल्या साऱ्या बाया तश्याच आल्या."

"अवो आजी, आपलं चिन्ह शिलाई मशीन होतं!"

"मंग टिकास घेऊन काऊन फिरत होती वं?"

मनकर्णाबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मी मात्र हसले नाही. त्यांना मीच पाडले होते ना!

पाच वर्षांनी मी घरी दाराआड राहिले. नशिबाने चिन्ह पुन्हा तेच मिळाले. या वेळी ट्रॅक्टरवर खरीखुरी शिलाई मशीन फिरली. सोमारी आजीने मत द्यायचे कबूल केले, पण एका अटीवर. "नाल्यावर पूल दे. पावसाळ्यात माही नातीन करिष्मा शाळेत जाऊ शकत नाई." बाईंनी शब्द दिला आणि अकरा हजार मतांनी निवडून आल्या.

मग माझे दिवस पालटले. बाईंचा कार्यकर्ता सुनिल याने मला सोनेरी रंग दिला, दांड्याला लाल रिबीन बांधली. आता मी आमदारांच्या गाडीत! भूमिपूजन असले की कुणीतरी आधीच माती भुसभुशीत करून ठेवायचे. बाई पाच हलके घाव घालायच्या, टाळ्या पडायच्या, फोटो निघायचे. पहिला मान हिरडटोल्याच्या पुलाचा होता. खरे सांगू? मला हे सगळे आवडायला लागले होते. टोक बोथट झाले होते, पण सोनेरी रंगाखाली ते कुणाला दिसणार?

चार पावसाळे गेले. नाला होता तसाच वाहत राहिला.

तिसरी निवडणूक आली. आचारसंहिता लागायला चार दिवस उरले होते आणि सुनिलच्या यादीत दिवसाला नऊ-नऊ भूमिपूजने होती. त्यात हिरडटोल्याचा पूल पुन्हा! सुनिल म्हणाला, "बाई, मागचं कोणाले आठवते? पुलाची लांबी वाढली म्हनू. नवा नारळ चालते."

बाईंनी मला उचलले. तेवढ्यात सायकल धरून उभी असलेली एक मुलगी मोठ्याने बोलली. करिष्माच ती, आता दहावीतली.

"बाई, मागच्या वेळी इथीच नारळ फोडला होता ना? मी तेव्हा सहावीत होती. आता दहावी झाली की कॉलेज तालुक्याले. पूल नाई झाला तं बाबा म्हनते, शाळा बस झाली."

सुनिल तिच्याकडे डोळे वटारून बघू लागला. बाई मात्र खाली बघत होत्या, माझ्या टोकाकडे. तिथे मातीचा कणसुद्धा नव्हता.

"सुनिल, नारळ गाडीत ठेव. फाईल काढ."

फाईल निघाली. पूल जंगलाच्या जमिनीतून जाणार होता, म्हणून ग्रामसभेचा ठराव हवा होता. तो नव्हता म्हणून फाईल तीन वर्षांपूर्वीच परत आली होती आणि कुणी उघडूनही बघितली नव्हती. सुनिल पुटपुटला, "नारळ फुटला, तं आमाले वाटलं काम चालू झालं." सोमारी आजी म्हणाली, "आमालेबी तेच वाटलं."

बाईंनी माझी रिबीन तिथेच सोडली. उरलेली सगळी भूमिपूजने रद्द केली. तिसऱ्या दिवशी मोहाच्या झाडाखाली ग्रामसभा भरली. करिष्माचे अक्षर चांगले, म्हणून ठराव तिने लिहिला. पहिला अंगठा सोमारी आजीचा. मग प्रचाराच्या प्रत्येक सभेत बाई स्वतःच सांगू लागल्या, "हिरडटोल्याचा पूल झाला नाई. चूक माही हाय. ठराव आता गेला हाय." सुनिलने कपाळाला हात लावला. "बाई, आपल्याच पायावर टिकास मारून राह्यल्या तुम्ही!"

बाई निवडून आल्या. एक हजार नऊशे सात मतांनी. कमी असतील, पण खणखणीत!

हिवाळा संपताना परवानगी आली. पाया मोठ्या यंत्राने खोदला, पण खडकाच्या कोपऱ्यात त्याचा हात पोचेना. तेव्हा मला लोहाराकडून धार लावून आणले. नारळ नाही, रिबीन नाही. दुसऱ्याच घावाला माझा सोनेरी रंग उडाला आणि तिसऱ्या घावाला ठिणगी! कित्येक वर्षांनी मला मी ओळखू आले.

या पावसाळ्यात करिष्मा अकरावीला जाते. नाला खालून गरजतो आणि ती वरून सायकलची घंटी वाजवत निघते. उगाचच वाजवते. समोर कुणी नसले तरी!

मित्रांनो, अवजाराला वापरत राहा, धार लावत राहा. सजवून ठेवू नका, आम्ही बिघडतो. आणि तुमच्या गावात कधी रिबीन बांधलेली टिकास आली, तर टाळ्या वाजवण्याआधी तिचे टोक बघा. त्याला माती लागलेली नसेल तर घाबरू नका. करिष्मासारखे मोठ्याने विचारा.