ढुशी आणि दोनशे बाराव्या पानावरची धोंडुबाई

मी ढुशी बोलतेय. मला हात, पाय, शिंगं काही नाही. मी एक प्रोग्रॅम आहे. दुसऱ्यांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरला धडका मारून ते कुठं ढासळतं हे सांगणं, एवढंच माझं काम.

माझी जन्मदाती स्वप्नाली, शाहूवाडीकडची. त्यांच्या घरची म्हैस नव्या खुंट्याला आधी ढुशी मारायची, खुंटा टिकला तरच त्याला बांधून घ्यायची. त्यावरून माझं नाव पडलं. खोटं गिऱ्हाईक म्हणून स्वप्नालीनं माझ्यात शेजारच्या धोंडुबाईचं नाव घातलं आणि वय लिहिलं एकशे बेचाळीस. असलं वय बघून निम्मी सॉफ्टवेअरं जागीच बसतात. उरलेल्यांवर मी मिनिटाला दहा हजार धोंडुबाई सोडते.

कुणीही फुकट उतरवून घ्यावं म्हणून तिनं मला इंटरनेटवर ठेवलं होतं, तरी कोल्हापुरात पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत मी दोन वर्षं पडून होते. मग कागलच्या एमआयडीसीतल्या सयाजीरावांनी कारखान्यासाठी परदेशातल्या एका बड्या कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं. ते सुरू करण्याआधी त्यांना तपासून हवं होतं.

"त्या कंपनीनं तुमाला मानलंय काय?" त्यांनी स्वप्नालीला विचारलं. "शुक्रवारपतूर कागद दावा. न्हायतर पुण्याची माणसं हायतच."

स्वप्नाली परत आली आणि मला म्हणाली, "हे काम गेलं तर खोली सोडायची. पुण्यात नोकरी बघते." माझं काय, हे तिनं सांगितलं नाही.

सोमवारी ती त्या कंपनीचं माहितीपुस्तक चाळत होती. पान दोनशे बारावर संगणकाच्या पडद्याचं एक चित्र होतं. पुढं कंपनीचं सॉफ्टवेअर आणि त्याच्यामागं अर्धवट झाकलेली मी. माझ्या खोट्या गिऱ्हाइकांच्या यादीत पहिलंच नाव : धोंडुबाई, वय १४२. मला फुकट उतरवून घेतलं होतं, नाव बदलायचे कष्टही घेतले नव्हते. माझ्याविषयी पुस्तकात अक्षर नव्हतं.

मंगळवारी चौकात फलक लागला. 'जागतिक कंपनीची मान्यता मिळाल्याबद्दल ढुशीचे हार्दिक अभिनंदन.' खाली तेवीस शुभेच्छुकांचे फोटो. माझा फोटो नसल्यामुळे मधोमध म्हैस. हे काम स्वप्नालीच्या बाळासो काकांचं.

"काका, मान्यता कुठं दिलीया त्यांनी?"

"फोटूत घेतलंय न्हवं? लग्नात ज्याला घरच्यांच्या फोटूत उभा करत्यात, त्यो घरचाच."

"मागं उभी हाय ती. अर्धी."

"मग अर्धी घरची."

तिनं संध्याकाळच्या आत फलक उतरवला. तोवर त्याचा फोटो मोबाईलवरून फिरत फिरत कंपनीपर्यंत पोचला होता. गुरुवारी ईमेलनं वकिलाचं पत्र आलं : 'ढुशी हे साधन आमचे नाही. आमच्या सर्व शाखांत ते रोज वापरले जाते, एवढ्यावरून आम्ही त्याची शिफारस करतो असा अर्थ काढू नये.'

शुक्रवारी स्वप्नाली मला लॅपटॉपमध्ये घालून कागलला गेली. तिनं पत्र छापून नेलं होतं.

"मान्यता न्हाय, सयाजीराव. ह्यो नकार हाय. लपवायचं न्हाय म्हणून आणलाय."

सयाजीरावांनी पत्र दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला आणि शेवटची ओळ पुन्हा वाचली.

"म्हंजे रोज आमच्यात जेवतंय, पर पावणा न्हाय म्हणत्यात."

"तसंच कायतरी."

"मग कवा चालू करताय?"

मी तिथंच कामाला लागले. तिसऱ्या धडकेला कामगारांच्या हजेरीचा भाग आडवा झाला. कंपनीनं तो मुकाट्यानं दुरुस्त करून दिला. कशानं तपासलं, हे विचारलं नाही.

आता माझं बरं चाललंय. फलक शाहूवाडीला गोठ्यावर टाकलाय; खाली खरी म्हैस, वर तिचा फोटो. पत्र गिरणीवरच्या खोलीत चौकटीत लावलंय. माहितीपुस्तकाच्या नव्या आवृत्तीत दोनशे बाराव्या पानावरून मला कापलं आहे. कापणाऱ्याचा हात जरा हलला असावा, कारण कोपऱ्यात एक ओळ राहून गेली आहे : धोंडुबाई, वय १४२.

माझी स्वतःसाठी काही मागणी नाही. पण त्या कंपनीतलं कुणी हे वाचत असेल, तर खऱ्या धोंडुबाईंचा निरोप तेवढा घ्यावा. त्या म्हणतात, "नाव ऱ्हाऊ दे. वय तेवढं साठ करा."